पोरांच्या घरची घडी विस्कटलीय? नाशकात पहिली फेरी कुठं मारायची

आमच्या सिडकोत कुणाच्या घरी पोरांची परवड दिसली की सगळे एकच सांगतात, कलेक्टर ऑफिसला अर्ज करा. करा, पण नंतर. पहिली फेरी गल्लीतल्या अंगणवाडीची. सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर अंगणवाडीच्या ताईंकडे नाव घालायचं, सहा महिने ते तीन वर्षं असेल तर घरी न्यायचा आहार मिळतो, तीनच्या पुढं तिथंच गरम जेवण, शिवाय दर महिन्याला वजन. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या नाहीतर बांधकामाच्या कामाला आलेल्यांना वाटतं नाव गावाकडं आहे म्हणजे इथं काय मिळणार, पण तसं नाही, पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाईल ॲपवर, नाव इकडं फिरवता येतं, फक्त आधार आणि गावाला दिलेला तोच मोबाईल नंबर सोबत ठेवा.

आणि दंडाची पट्टी, म्हणजे लेकराच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी, लावून घ्याच. पाथर्डी फाट्याकडं एका साइटवर दीड वर्षाची पोरगी होती, गाल चांगले भरलेले, आई म्हणे बघा की किती बाळसं धरलंय. ताईंनी पट्टी गुंडाळली तर लाल! लाल म्हणजे ११.५ सेंटिमीटरच्या खाली, तीव्र कुपोषण. मग ताईंनी तिच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला तर खड्डा तसाच राहिला, म्हणजे बाळसं कसलं, सूज होती ती. अशा लेकराला सरकारी दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात, साधारण १४ दिवस आईसकट राहावं लागतं, बुडालेल्या मजुरीपोटी थोडे पैसे देतात, ते विचारून घ्या, आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

पोर दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही, अशा वेळी घरातलं म्हातारं माणूस हमखास म्हणतं की त्याचा बापही उशिराच बोलला. ऐकून घ्या आणि तरी तपासणी करा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेचं, म्हणजे पोरांच्या तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाचं, डॉक्टरांचं पथक येतं, तारीख ताईंना माहीत असते. तेवढं थांबायचं नसेल तर सरळ त्र्यंबक नाक्याचं सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

आता पैशाचं. वडील गेलेत, आई एकटी आहे, किंवा आईबाप दोघंही नाहीत आणि आजी सांभाळतेय, किंवा पालकाला मोठं दुखणं आहे, तर बालसंगोपन योजना बघा. एका मुलामागं महिन्याला २,२५० रुपये, वय १८ पर्यंत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं, मंजुरी बालकल्याण समितीची, मधे घरी येऊन चौकशी होते. कागद म्हणजे आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक. एका ओळखीच्या बाईंसोबत मी एका ऑफिसात तीन चकरा मारल्या, दर वेळी नवीनच कागद निघायचा, शेवटी मी साहेबांनाच म्हटलं यादी लिहून द्या आणि खाली सही करा, चौथ्या चकरेत काम झालं. फॉर्मला पैसे लागत नाहीत, बाहेर बसलेला एजंट मागतो, त्याच्या नादी लागू नका.

मारहाण, बालविवाह, सिग्नलला भीक मागणारं किंवा हॉटेलात भांडी घासणारं पोर, इथं मात्र अंगणवाडी वगैरे काही नाही, लगेच १०९८ लावा, ही पोरांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन. चोवीस तास चालू, फुकट, फोन करणाऱ्याचं नाव बाहेर येत नाही. शेजारी म्हणून आपण कशाला पडायचं असं वाटतं खरं, मलाही वाटलं होतं, दोन दिवस नंबर डायल करून कट करत होते. फोनवर खूण नीट सांगा, मारुतीच्या मंदिरामागं निळं पत्र्याचं दार वगैरे, कारण आपल्याकडच्या झोपडपट्टीत प्लॉट नंबरवरून कुणालाच घर सापडत नाही.