बायोमटेरियल्समध्ये पीएचडी सुरू करताय? आधी कंट्रोल लावायला शिका

फेलोशिपचा इंटरव्ह्यू असो की पोस्टर सेशन, बायोमटेरियलवाल्यांना, म्हणजे शरीरात वापरायची मटेरियल्स बनवणाऱ्यांना, हमखास विचारतात, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) काय ठेवला होता? तिथे अडखळलात तर पुढचे देखणे एसईएमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो कोणी बघत नाही. म्हणून पहिल्या वर्षात पेपरच्या मागे न लागता हे पक्कं करा.

स्कॅफोल्ड, म्हणजे ज्यावर पेशी वाढवतात तो सांगाडा, बनवायच्या आधीच ठरवा की तो स्टरलाइज (जंतुमुक्त) कशाने करणार. पीएलजीए हे पॉलिमर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेत) घातलं तर 121 डिग्रीला आकारच जातो, गॅमा किरण दिले तर पॉलिमरची चेन तुटून मॉलिक्युलर वेट उतरतं, आणि 70 टक्के इथेनॉलमध्ये बुडवणं म्हणजे स्टरलाइज करणं नव्हे, बॅक्टेरियाचे स्पोअर्स (टणक बीजाणू) त्यात मरत नाहीत. जे कराल त्याच्यानंतर मटेरियल परत तपासा, कारण पेशी वाढणार त्या स्टरलाइज झालेल्या मटेरियलवर.

मग एमटीटी, म्हणजे पेशी किती जिवंत आहेत ते रंगावरून मोजणारी टेस्ट, इथे खरा वेळ द्या. जिवंत पेशी पिवळ्या डायचं जांभळं फॉर्माझान करतात, ते 570 नॅनोमीटरच्या आसपास वाचायचं, आणि आयएसओ 10993-5 या स्टँडर्डप्रमाणे व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) 70 टक्क्यांच्या खाली गेली की मटेरियल सायटोटॉक्सिक (पेशींना विषारी) असू शकतं असं धरतात, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण माझं ग्राफीन ऑक्साइडचं हायड्रोजेल दीड महिना सलग 130-140 टक्के दाखवत होतं, मी खूश, सरांना ग्राफसुद्धा पाठवले, मग लॅबमधल्या एका ताईने विचारलं, पेशी न घालता नुसतं जेल ठेवून बघितलंस का? बघितलं तर तीन तासांत प्लेटमधली ती वेल (खळगा) पण जांभळी. ग्राफीन ऑक्साइड स्वतःच डाय रिड्यूस करतं! दीड महिन्याचा डेटा बाजूला ठेवावा लागला, फार वाईट वाटलं. तेव्हा प्रत्येक प्लेटमध्ये मटेरियल अधिक डाय, पेशी नाहीत, अशा तीन वेल ठेवाच, आणि जोडीला लाइव्ह-डेड स्टेनिंग (जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगळ्या रंगात दाखवणारं) करून डोळ्यांनी बघा.

हाडाचं काम असेल तर एसबीएफ लागेल, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं द्रावण; त्यात मटेरियलवर अ‍ॅपेटाइट, म्हणजे हाडासारखं खनिज, बसतं का ते बघतात. कोकुबो या जपानी शास्त्रज्ञाची रेसिपी घ्या, 36.5 डिग्री, पीएच 7.40, पावडरी दिलेल्या क्रमानेच टाका, भांडं प्लास्टिकचं आणि ओरखडे नसलेलं, कारण काचेवर किंवा ओरखड्यावरच अ‍ॅपेटाइट बसायला लागतं. गढूळ झालं की ओतून द्या, वाचवत बसू नका.

आणि फेल झालेलं लपवू नका हो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटचा हार्ट व्हॉल्व्ह डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवला, पण त्याआधीची मॉडेल्स टेस्टिंगमध्ये बाद झालेली, मटेरियल बदलत बदलत शेवटी डिस्क पॉलिएथिलीनची झाली. तुमच्या वहीतपण बाद झालेल्या बॅचचा नंबर, जिलेटिनचा लॉट आणि त्या दिवशीचा पीएच लिहा, प्रेझेंटेशनमध्ये त्याची एक स्लाइड ठेवा, आणि विचारलं तर तीच स्लाइड आधी उघडा.