घरात कोणी गेल्यावर कौटुंबिक प्रार्थना कशी चालू ठेवायची

घरातलं माणूस गेल्यावर संध्याकाळची प्रार्थना सगळ्यात जड जाते, कारण नेहमी सुरुवात करणारा आवाजच नसतो आणि मग आज नको उद्या बघू करत ती बंदच पडते. तर लांबलचक करूच नका, पाच मिनिटं पुरे. एकाने बायबलमधलं स्तोत्र 13 वाचायचं, सहाच ओव्या आहेत, आणि त्यात दावीद राजा सरळ देवालाच विचारतो की कुठवर मला विसरणार. त्याहून वाईट दिवस असेल तर स्तोत्र 88, ते तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी बायबलमध्ये आहे ना! मग गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एका आठवणीसाठी आभार मानायचे, चहात बिस्कीट बुडवून पडलं की कसे चिडायचे वगैरे काहीही चालेल, हसू आलं तर येऊ दे.

ज्याला बोलणं जमत नाही त्याने नुसतं आमेन म्हणावं. मुलांना मात्र "देवाला आवडला म्हणून नेलं" सांगू नका प्लीज, मुलं देवालाच घाबरायला लागतात. रडू नको असंही नको, मित्र लाजर गेला तेव्हा येशूसुद्धा रडला होता (योहान 11:35).