जुनी व्हिंटेज पोर्ट उघडायची तर आदल्या दिवशीच कामाला लागा

पोर्ट म्हटलं की आपल्याकडे गोव्याहून येताना आणलेली ती गोड लाल बाटली आठवते. ती वेगळी भाऊ, ही वेगळी. ही पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली, रस आंबत असतानाच त्यात 77 टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात, आंबणं थांबते, साखर तशीच राहते आणि वाईन जाते 20 टक्क्यांच्या आसपास. व्हिंटेज म्हणजे एकाच सालची द्राक्षं, दोनेक वर्षांनी न गाळताच बाटलीत भरायची, पुढचं सगळं म्हातारपण बाटलीतच. म्हणून तळाला गाळ साचतो.

तो गाळ मी एकदा पाजलाय लोकांना. मेव्हण्याने 1994 ची बाटली आणली, मी ती स्कूटरच्या डिक्कीत घालून धरमपेठेत मित्राकडे नेली, भर मे महिन्यात, पोचल्या पोचल्या उघडली, आणि शेवटच्या तिघांच्या ग्लासात चहाचा चोथा. "काय पाजून राहिला बे" असं ऐकावं लागलं.

तर दुसरी बाटली मिळाली तेव्हा डिसेंबरची वाट पाहिली. ही वाईन 16 ते 18 डिग्रीला बरी लागते, नागपुरात थंडीच्या रात्री घर आपोआप तेवढं गार असते, उन्हाळ्यात मात्र फ्रीजमध्ये थोडा वेळ ठेवावीच लागते. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवायची म्हणजे गाळ खाली बसतो. जुनं बूच भुसभुशीत असते, हळू काढा, तुकडे आत पडले तर पडू द्या, ओतताना मलमलचं धुतलेलं फडकं लावायचं. चहाची गाळणी नको, कितीही घासली तरी तिला आलं-वेलचीचा वास असतेच. मग मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली धरून एका दमात, हात न हलवता काचेच्या जगमध्ये ओता, मानेत काळी रेघ सरकताना दिसली की थांबा. खालचं दोन बोटं गेलं तर गेलं. हे पाहुणे यायच्या दोनेक तास आधी.

मुकाबल्याला शेजारी 20 वर्षांची टॉनी, म्हणजे पोर्टचाच दुसरा प्रकार, ठेवा. ती पिंपात मुरलेली असते, गाळून भरलेली, ओतायची कटकट नाही. रंगावरून लगेच ओळखू येते म्हणून पहिला घोट दिवे बारीक करून घ्यायचा, ग्लासच्या बुडाला मार्करने क आणि ख लिहून. प्रत्येकी 60 मिली पुरे, दोन्ही मिळून जवळपास मोठ्या पेगाइतकी चढते, तेव्हा गाड्या घरीच ठेवा.

आधी नुसता वास घ्या. टॉनीत आम्हाला भाजलेला अक्रोड आणि वाळलेली संत्र्याची साल सापडली, सालीवर तर नागपूरकराला कोणी शिकवायलाच नको. व्हिंटेजमध्ये अंजीर, लवंग, आणि जिभेवर किंचित तुरटपणा. पण सगळं पहिल्या घोटात कळत नाही, अर्धा ग्लास तासभर तसाच ठेवून परत प्या, आमच्यातल्या दोघांनी तेव्हा मत बदललं.

सोबत अक्रोड, डार्क चॉकलेट, मिळालं तर ब्लू चीज. सावजी त्या दिवशी आधी अजिबात नाही, नंतर खुशाल, तर्रीनंतर जिभेला क काय न ख काय. टॉनी उरली तर फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते, व्हिंटेज मात्र एक-दोन दिवसांत संपवा. आमची तर सव्वाअकरालाच संपली.