मराठवाड्यात आंतरविद्याशाखीय संशोधन करताय? या चुका टाळा

ऊसतोडीला फडावर, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, जाणाऱ्या बीडच्या बाईचं गर्भाशय तिशी-पस्तिशीतच का काढलं जातं, हा प्रश्न विद्यापीठातल्या कोणत्या विभागाचा? डॉक्टरला त्यात अनावश्यक शस्त्रक्रिया दिसेल. श्रमाच्या अभ्यासकाला खाडा दिसेल, म्हणजे पाळीच्या त्रासाने का होईना, एक दिवस काम चुकलं की कापले जाणारे पैसे. पाण्यावर काम करणाऱ्याला कोपीजवळ, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीजवळ, न्हाणी नाही, संडास नाही हे दिसेल. शेतीशास्त्राचा माणूस विचारेल, घरच्या कोरडवाहू रानात भागत नाही म्हणूनच ती फडावर गेली ना? २०१९ मध्ये राज्य सरकारने या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पण डॉक्टरपासून शेतीशास्त्राच्या माणसापर्यंत या चौघांची उत्तरं एकत्र ठेवल्याशिवाय इथे कुठलाच उपाय टिकणार नाही. मराठवाड्याला अशा संशोधनाची गरज आहे ती यासाठी, आणि म्हणूनच ते फसतं कुठे हे नीट बघायला हवं.

विभाग आधी, प्रश्न नंतर

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. निधीची जाहिरात येते, भूगोल, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र अशी नावं घाईघाईने जोडली जातात आणि शेवटी चार सुटी प्रकरणं एका बाइंडिंगमध्ये येतात. एकाचं प्रकरण काढून घेतलं तरी बाकीच्यांचं काही अडत नसेल, तर एकत्र काम झालेलंच नाही. ही कसोटी प्रस्ताव लिहितानाच लावा.

नावावरही विसंबू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ ने चार विद्याशाखा केल्या. त्यातली एक 'आंतरविद्याशाखीय अभ्यास', पण तिच्याखाली शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण असे आपापले स्वतंत्र विषयच येतात. त्यात आपल्याकडे माणसं विखुरलेली. शेतीची मंडळी परभणीच्या कृषी विद्यापीठात, समाजशास्त्राची छत्रपती संभाजीनगरला नाहीतर नांदेडला, ग्रामीण विकासाची तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत. ऑनलाइन बैठकांवर भागवू नका. पहिल्याच महिन्यात सगळ्यांनी एका गावाच्या शिवारात सोबत पायी फिरावं. प्रश्न तिथे ठरतो.

सर्वेक्षणाचा महिना चुकणं

दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. जानेवारीत घरोघरी फिरलात तर म्हातारी माणसं आणि काही लेकरं तेवढी भेटतील. त्यावरून गावाचं उत्पन्न किंवा पाण्याची गरज काढली तर सगळं गणितच चुकतं. 'मासिक उत्पन्न किती?' हा रकाना या घरांसाठी बिनकामाचा आहे. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, कोणत्या महिन्यात, किती फिटली, किती अंगावर राहिली, हे विचारा. उचल नवरा-बायको मिळून एका कोयत्याची असते, तेव्हा ती एकट्या पुरुषाच्या नावावर मांडू नका. तसं केलं की बाईचं अर्धं काम कागदावरून गायब होतं.

पाणी मोजताना

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मीटरमध्ये घेते. शेतकरी विहिरीची खोली परसात (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) सांगतो, बोअर फुटांत आणि बोअरचं पाणी इंचांत. 'दोन इंच लागलं' हे बोअर घेतला त्या दिवसाचं असतं, मे महिन्याचं नव्हे. उत्तर जसं मिळालं तसंच उतरवा, सोबत महिना लिहा, रूपांतर नंतर करा.

विहिरीत टेप सोडण्याआधी मोटार कधी बंद झाली ते विचारा. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसपाळीला असते, कधी रात्रपाळीला. रात्रभर उपसा झालेल्या विहिरीत सकाळी जे दिसतं ती तिची खरी पातळी नव्हे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असतं, पण लाइटचं वेळापत्रक समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने घराघरांत विचारून आणलेलं असतं. दोघांच्या वह्या त्याच संध्याकाळी एकमेकांना दाखवा. महिनाभराने जुळवायला बसलात तर ती विहीर पुन्हा त्या स्थितीत सापडणार नाही.

खालचा खडकही विसरू नका. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे, पाणी मुरमात आणि भेगांत साठतं. एका बांधाच्या अलीकडे बोअर चालतो, पलीकडे फुफाटा उडतो. तालुक्याच्या सरासरीवरून एका गावाबद्दल बोलणं त्यामुळे धोक्याचं. पावसाचे आकडे महसूल मंडळाचे, लोकसंख्या गावाची आणि पाण्याला हद्द पाणलोटाची. या तिन्ही सीमा जुळत नाहीत. अभ्यासाचं एकक कोणतं, हे पहिल्या बैठकीतच ठरवा.

शेततळं दिसलं की जलसंधारण झालं, असंही धरून चालू नका. प्लॅस्टिक अंथरलेलं तळं पाणी मुरवत नाही. ते बोअरने भरलं असेल तर जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवल्यासारखं होतं. त्याच तळ्याने मोसंबीची बाग उन्हाळ्यात जगवली, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहा. मालकाला विचारा तळं भरलं कशाने, आणि पाइप कुठून आलाय ते स्वतः बघा.

निष्कर्ष गावात न नेणं

इंग्रजी अहवाल ग्रंथालयात जातो आणि गाव वाट बघत राहतं. मराठीत दोन पानं करा, गट नंबर टाकलेला नकाशा जोडा. त्यासाठी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेइतकी चांगली वेळ नाही. पाऊस सरत आलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते, पाण्याचा ताळेबंद मांडता येतो आणि टोळ्या बहुधा अजून गावातच असतात. उचलीचे आकडे मात्र घरागणिक वाचू नका, सगळ्या गावाची मिळून एकच बेरीज सांगा. मुकादमही त्याच सभेत बसलेला असतो.