बंद पडलेला ब्रिक गेम पुन्हा चालू कसा करावा

जत्रेतून किंवा आठवडी बाजारातून आणलेला, हातात धरून पडणारे ठोकळे रचायचा ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम विदर्भातील खेड्यांत आजही एखाद्या घराच्या फडताळात सापडतो. बाहेरून तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८९ सालच्या ‘गेम बॉय’ या हातातल्या खेळयंत्रासारखा दिसतो, म्हणून लोक गेम बॉयच्या दुरुस्तीचे सल्ले त्याला लावतात आणि होता तो खेळही घालवून बसतात. गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा असून त्याचे खेळ कार्ट्रिजमधून, म्हणजे बदलता येणाऱ्या डबीतून येतात. ब्रिक गेमच्या पडद्याच्या काचेवर मात्र १० स्तंभ आणि २० ओळींचे चौकोन कायमचे आखलेले असतात. या अर्थाने तो निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांनी १९८० साली आणलेल्या ‘गेम अँड वॉच’ या छोट्या खेळयंत्राच्या कुळातला आहे. त्यातही चित्रे काचेवर आधीच आखलेली असत. म्हणून दुरुस्ती जुन्या कॅल्क्युलेटरची आहे असे समजून हात घालावा.

सेल काढून मागचे स्क्रू सोडवावेत आणि स्पीकरच्या बारीक तारा तुटणार नाहीत इतक्या सावकाश दोन्ही भाग वेगळे करावेत.

सेलच्या स्प्रिंगवर क्षार साचला असेल तर सरसकट व्हिनेगर लावण्याचा सल्ला ऐकू नये. तो अल्कलाइन सेलसाठी ठीक आहे. आपल्या किराणा दुकानांत मिळणारे स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात आणि त्यांतून झिरपणारा द्रव आम्लधर्मी असतो, म्हणून तेथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा व जागा पूर्ण कोरडी करावी.

आता खरा कठीण टप्पा. आवाज येतो, पण पडद्यावरील काही चौकोन उमटतच नाहीत, ही या खेळण्याची नेहमीची तक्रार आहे. काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये एक मऊ रबरी पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर आलटून पालटून असल्यामुळे तिला झेब्रा पट्टी म्हणतात. काचेच्या कडेवरील एकेका संपर्काशी अनेक चौकोन जोडलेले असल्याने, पट्टीखाली एक कण अडकला तरी चौकोनांचा अख्खा गट नाहीसा होतो.

माझे पहिले दोन गेम याच टप्प्यावर कायमचे गेले. गेम बॉयच्या गेलेल्या उभ्या रेषा काचेला चिकटवलेल्या फितीवरून सोल्डरिंग आयर्न फिरवून परत आणता येतात, हे कुठेतरी वाचून मी तेच रबरावर केले आणि पट्टी जाळली. दुसऱ्या वेळी पट्टी कापसाने पुसली. कपाशीच्या गावात कापसाला काय तोटा, पण त्याचे तंतू पट्टीखाली राहिले आणि आधी दिसणारे चौकोनही गेले. तेव्हापासून मी चष्मा पुसण्याचे कापडच वापरतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून आयपीए म्हणून मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल त्या कापडाला जेमतेम लावावे आणि पट्टीच्या दोन्ही कडा, काचेची संपर्काची कड व बोर्डावरील पट्टे हलक्या हाताने पुसावेत. पट्टे काळे असतील तर ते कार्बनचे छापील थर असतात आणि घासल्यास निघून येतात. नेलपॉलिश रिमूव्हर मुळीच वापरू नये, कारण त्यातील ॲसिटोन प्लास्टिक विरघळवते.

पुसल्यानंतर पट्टीला बोट लावू नये. चिमट्याने ती जागेवर सरळ ठेवावी, वर बोर्ड बसवावा आणि त्याचे सर्व स्क्रू आधी सैल लावून मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळावेत. एक बाजू आधी घट्ट केली की दुसऱ्या बाजूचा दाब सुटतो, आणि अधिक आवळले की काच तडकते. दाब वाढवण्यासाठी कागदाची घडी घालणे हा माझ्या मते आळशी उपाय आहे, कारण घडी जेथे जाड तेथेच दाब पडतो. काही प्रतींत रबराऐवजी चिकटवलेली पातळ फीत असते. ती दिसल्यास ओढू नये, तशीच राहू द्यावी.

बोर्ड बसवण्यापूर्वीच बटणांखालील रबर व त्यासमोरील बोर्ड त्याच कापडाने पुसावा.

हे काम मे महिन्याच्या दुपारी करू नये. पारा ४५ अंशांकडे गेला की द्रवस्फटिकाचा (एलसीडी) पडदा काळवंडू शकतो आणि नवशिक्या माणूस बरी झालेली काच पुन्हा उघडतो. सावलीत थंड होऊ दिल्यावर पडदा बहुधा पूर्ववत होतो. मागचे झाकण लावण्यापूर्वी दोन नवे सेल घालून तपासावे. चौकोनांचा एखादा गट अजूनही गायब असेल तर त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा आवळून पाहावा.