सर्व्हेत मृत्यूआधीचं गंभीर आजारपण कसं मोजायचं

पुण्यात वस्त्यांमधून, सोसायट्यांमधून घरोघरी सर्व्हे करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. फॉर्मवर "मृत्यूआधी आजारी होते का, हो/नाही" एवढंच असेल तर त्या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही, कारण दहा वर्षं शुगर असून शेवटच्या दिवसापर्यंत दुकानात बसणारा माणूस "हो"मध्ये जातो आणि सहा महिने अंथरुणाला खिळलेला, पण घरच्यांना निदानच नीट कळलं नाही असा माणूस "नाही"मध्ये.

एचआयव्हीचा जोर होता तेव्हा आफ्रिकेतल्या डीएचएस (लोकसंख्या आणि आरोग्याची घरोघरी माहिती घेणाऱ्या) सर्व्हेंमध्ये १८ ते ५९ वयाच्या माणसांसाठी एक माप वापरलं गेलं, १२ महिन्यांपैकी निदान ३ महिने इतकं आजारपण की काम किंवा रोजचे व्यवहार जमत नव्हते. माप चांगलंय, पण ३ महिन्यांची रेघ फॉर्मवर छापू नका, नुसते महिने लिहून घ्या, रेघ नंतर कुठेही मारता येते.

आधी मृत्यू सापडायला हवा. "घरात कोण कोण राहतं" विचारलं की गेलेला माणूस यादीत येतच नाही, म्हणून वेगळं विचारायचं, "गेल्या १२ महिन्यांत घरातलं कुणी वारलं का, गावी नेल्यावर वारले असतील तरी सांगा." पुण्यात हे फार महत्त्वाचं, दुखणं वाढलं की खूप जणांना गावी नेतात आणि तो मृत्यू इथल्या नोंदीतून निसटतो. एकटा राहणारा वारला तर सांगायला घरच उरत नाही, ही त्रुटी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

मग कामाबद्दल विचारायचं. समजा एका ताईंचे यजमान रिक्षा चालवायचे आणि संक्रांतीला वारले. "आजारी होते का?" तर म्हणतील, "नाही हो, तसे बरे होते." पण "शेवटची रिक्षा कधी काढली?" विचारा, "गणपतीत काढली होती, मग दम लागायचा म्हणून घरीच." झाले की चार महिने! पुढे विचारा, जिना कधीपासून चढवेना, अंघोळीला हात कधीपासून द्यावा लागला. महिन्याचं नाव आठवत नसेल तर पालखी, गणपती, दिवाळी, शाळा सुरू झाली असे टप्पे द्या आणि मृत्यूच्या तारखेपासून मागे मागे जा. ती तारीख शक्यतो दाखल्यावरून घ्या. दवाखान्याची फाइल, डिस्चार्ज कार्ड मिळालं तर बघा, पण फक्त अ‍ॅडमिट झालेले दिवस मोजले तर घरी पडून काढलेले महिने गायब होतात. डायलिसिसवाला मधे मधे कामाला जात असेल तर पूर्ण बंद आणि अर्धवट काम असे दोन वेगळे रकाने ठेवा.

या महिन्यांवरून मृत्यूचं कारण मात्र ठरवू नका, त्यासाठी व्हर्बल ऑटॉप्सीची, म्हणजे घरच्यांना लक्षणं विचारून कारण शोधायची, वेगळी प्रश्नावली असते.

तेराव्याच्या आत घरी जाऊ नका. शक्यतो ज्याने सेवा केली त्याच्याशीच बोला, आणि शेजारीपाजारी जमले असतील तर नंतर या, टीबी किंवा दारूबद्दल चारचौघांत कुणी खरं बोलत नाही. अपघात किंवा अचानक अटॅक असेल आणि आधी काम चालू असेल तर शून्य महिने लिहा, रकाना रिकामा नको, आणि "माहीत नाही"ला कोड वेगळा द्या, नाहीतर डेटा एंट्रीत दोन्ही एकच होतात.