गोधडी-भरतकामाच्या गटासाठी परवडणारी जागा कशी शोधावी

आठ-दहा जणींचा गट कोणाच्या तरी दिवाणखान्यात सुरू होतो आणि संख्या पंधरावर गेली की तिथे मावेनासा होतो. त्यानंतर बहुतेक गट ‘हॉल भाड्याने हवा आहे’ अशी चौकशी करत फिरतात. हॉल म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांसमोर बारसे किंवा साखरपुडा येतो आणि तो त्याच हिशेबाने दर सांगतो. त्यापेक्षा आपल्या परिसरातील कोणत्या संस्थेची खोली कोणत्या वेळी नुसतीच पडून असते ते हेरावे आणि तेवढेच तास मागावेत. असे तास संस्थेला एरवीही काही मिळवून देत नसल्यामुळे भाड्याची बोलणी सोपी जातात.

शोधाला निघण्यापूर्वी आपल्याला नेमके काय लागते ते मोजून ठेवावे. दुहेरी पलंगाची गोधडी सुमारे साडेसात फूट रुंद आणि नऊ फूट लांब असते. अस्तर आणि जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरून, टाचण्या लावून चारी बाजूंनी धावदोरा घालत बसायचे, तर साधारण बारा फूट बाय चौदा फूट मोकळी जमीन लागते. खोलीत हलवता न येणारी बाके असतील, तर खोली कितीही मोठी असली तरी गोधडीच्या उपयोगाची नाही. भरतकामाला मात्र जागेपेक्षा उजेड महत्त्वाचा असतो. म्हणून जागा पाहायला जाताना ज्या वेळी बसायचे आहे त्याच वेळी जावे आणि काळ्या कापडावर गडद निळा दोरा दिसतो का, ते खिडकीपासून दूर बसून पाहावे.

माझ्या मते पहिली चौकशी सार्वजनिक वाचनालयात करावी. पुणे नगर वाचन मंदिर (1848), ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय (1893), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898) अशा जुन्या संस्थांपासून ते 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणाऱ्या तालुक्याच्या वाचनालयांपर्यंत महाराष्ट्रात ही परंपरा मोठी आहे. व्याख्यानांसाठी वेगळी खोली असलेल्या वाचनालयांत ती खोली बहुधा संध्याकाळीच वापरात येते. निर्णय कार्यकारिणी घेत असली, तरी आधी ग्रंथपालांशी आणि मग कार्यवाहांशी प्रत्यक्ष भेटून बोलावे. नुसता अर्ज टाकून आल्यास तो पुढच्या सभेपर्यंत फाइलमध्ये राहतो. भाडे कमी करून मागताना बदल्यात काही देऊ करावे. पुस्तके नेण्यासाठी कापडी पिशव्या शिवून देणे किंवा मे महिन्यात बालविभागासाठी शिवणकामाची कार्यशाळा घेणे हे वाचनालयाला वार्षिक अहवालात उपक्रम म्हणून दाखवता येते. शिवणयंत्राचा आवाज मात्र वाचनकक्षाशेजारी चालणार नाही, हे आपणच आधी कबूल करावे.

दुसरा मार्ग गृहनिर्माण सोसायटीच्या सभागृहाचा. गटातील जी सदस्य त्या सोसायटीत राहते तिच्याच नावाने अर्ज करावा, कारण सभासदांसाठीचा दर बहुधा कमी असतो. ‘हा क्लास आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. म्हणून इथे शुल्क घेऊन शिकवणी किंवा विक्री होणार नाही, हे अर्जातच लिहावे आणि व्यवस्थापन समितीची मंजुरी लेखी घ्यावी. बाहेरून येणाऱ्यांच्या दुचाक्या कुठे लावायच्या, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे, कारण पहिली तक्रार तिथूनच येते.

शाळेत चित्रकलेच्या वर्गातील मोठी टेबले कापड कापायला उत्तम असतात, परंतु दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आणि निवडणुकीत शाळा मिळत नाही. महापालिकेची समाजमंदिरे व विरंगुळा केंद्रे यांची चौकशी क्षेत्रीय कार्यालयात करावी. मंगल कार्यालयाची लहान खोली चातुर्मासात स्वस्त मिळू शकते, जरी काढीव मुहूर्तांमुळे तो काळ पूर्वीसारखा रिकामा राहिलेला नाही. देवळाचा सभामंडप बऱ्याचदा विनामूल्य मिळतो, पण वर्दळीत टाके मोजणे कठीण जाते.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी दुपारी 1 ते 4, पंधरा महिला, हाताने शिवणकाम, ध्वनिक्षेपक नाही, जेवण नाही, खोली झाडून परत देऊ’ इतके स्पष्ट लिहिले की समितीला शंका काढायला जागा उरत नाही. हेच शनिवार बँकांच्या सुटीचे असल्याने नोकरी करणाऱ्या काही जणींनाही ते सोयीचे पडतात. दर ठरवताना वीज, सफाई आणि अनामत रक्कम त्यात धरली आहे का, तसेच जीएसटी लागू असल्यास 18 टक्के वरून द्यावे लागतील का, हे विचारून घ्यावे आणि दर वेळी पावती मागावी. समजा, तासाला 200 रुपयांप्रमाणे महिन्याच्या सहा तासांचे 1,200 रुपये झाले आणि कुलूप उघडणाऱ्या शिपायाला 300 रुपये दिले, तर पंधरा जणींत प्रत्येकी 100 रुपये पडतात. ही वर्गणी हजेरीनुसार न घेता तिमाही आगाऊ घ्यावी. नाहीतर जुलैच्या पावसात चार जणीच येतात आणि भाडे पूर्ण भरावे लागते.

जागा टिकवायची असेल, तर निघताना फरशीवरून लोहचुंबक फिरवावा. आपल्यानंतर तिथे योगवर्ग किंवा मुलांचे संस्कारवर्ग भरत असतील, तर अनवाणी पायात रुतलेली एक टाचणी वर्षभराचा करार मोडायला पुरेशी असते. दोन-तीन महिने व्यवहार सुरळीत झाला की कुलपाचे एक कपाट मागावे, कारण अर्धवट गोधड्या दर वेळी रिक्षातून नेण्या-आणण्याचा खर्च कधी कधी भाड्याहून जास्त होतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल, तर पावसाळ्यात त्यात कापड ठेवू नये. पत्र्याची ट्रंक विटांवर ठेवून त्यात ठेवावे आणि तिची एक किल्ली गटाकडे, दुसरी कार्यालयात असावी.